न पाहता घेतलेले बैल

वाचन : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४, ओव्या १६ ते २४



मोठ्या जेवणावळीच्या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. उपदेशक बहुधा यजमानाच्या रागाकडे व रस्त्यावरून बोलावून आणलेल्या लुळ्यापांगळ्यांकडे त्वरेने जातो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र निमंत्रण नाकारणाऱ्या त्या तिघांजवळ आपण थोडे थांबू. पहिल्याने शेत विकत घेतले होते आणि आता ते पाहून येणे त्यास भाग होते. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या होत्या आणि त्यांची पारख करावयास तो निघाला होता. तिसऱ्याचे लग्न झाले होते. त्याच्याविषयी आज आम्ही काही बोलत नाही.

एका वाडीवरील सायंकाळच्या उपासनेत आम्ही हा भाग वाचून दाखविला, तेव्हा मागे घोंगडीवर बसलेले एक वृद्ध शेतकरी बंधू मोठ्याने हसले. आम्ही थांबून कारण विचारले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, दहा बैलांचे पैसे मोजले आणि मग दात बघायला निघाला? एकतर तो लबाड बोलतोय, नाहीतर त्याच्या बापाने त्याला बाजार दाखवला नाही." सेमिनरीत आमच्या गुरुजींनी या सबबींचा पोकळपणा आम्हांस दोन तास समजावून सांगितला होता. या बंधूंस तो एका श्वासात समजला.

लोणी, घोडेगाव किंवा काष्टी येथील गुरांच्या बाजारी जो गेला आहे त्यास ही गोष्ट सांगावयास नको. तेथे बैलाचे तोंड उघडून दात मोजतात. दोन दाती की चार दाती, की तोंड जुळले, ते पाहतात. खूर उचलून पाहतात. मानेवर जुवाचा घट्टा आहे की नाही हे हाताने चाचपतात. चालवून पाहतात, गाडीला जुंपून पाहतात, मारका आहे काय याची चौकशी त्याच्या गावच्या माणसाकडे करतात. एवढे झाल्यावर रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. शेतकऱ्याची ही विद्या शाळेतली नव्हे. ती बापाकडून लेकाकडे आली आहे.

आणि याच शेतकऱ्याचा नातू आज हातातील फोनवर चार छायाचित्रे पाहून दोनतीन लाखांची जुनी मोटार घेतो! आम्ही नातवास हसत नाही. आम्हांस तो अधिकार नाही, हे पुढे लिहिले आहे त्यावरून वाचकांस कळेल.

आमच्या मंडळीच्या वाड्या पांगलेल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांस प्रभूच्या दिवशी उपासनेस आणावे, रात्री-अपरात्री कोणी आजारी पडल्यास तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवावे, या हेतूने मंडळीने एक जुनी आठ आसनांची मोटार घेण्याचे ठरविले. दोन वर्षांच्या हंगामाच्या सणाची अर्पणे बाजूला ठेवली. कोणी बाजरीचे पोते दिले, कोणी आठवड्याची मजुरी दिली. एका आजींनी आपली शेळी विकून आलेले पैसे रुमालात बांधून आणले व वेदीपाशी ठेवले. असे एकूण दोन लाख दहा हजार रुपये जमले.

मोटार आम्हीच शोधली. फोनवर जाहिरात दिसली. गाडी परजिल्ह्यातली, रंग चकचकीत, किलोमीटरचा आकडा लहान, किंमत आमच्या थैलीएवढी. विकणाऱ्याने फोनवर "जय ख्रिस्त" म्हटले आणि आपणही मंडळीचा सभासद असल्याचे सांगितले. आमच्या मंडळीत एक तरुण फिटर आहे, तो म्हणाला, "पाळकसाहेब, एक दिवस द्या. मी एस.टी.ने जाऊन बघून येतो." विकणारा म्हणत होता की दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि सायंकाळपर्यंत इसार आला नाही तर गाडी जाईल. तेव्हा आम्ही पंचमंडळापुढे त्या तरुणास काय म्हणालो? "बाळा, सगळेच डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर विश्वास कशाला हवा?" पंच मान डोलावून गप्प बसले. तोही गप्प बसला. वीस हजार इसार त्याच सायंकाळी गेला, बाकीची रक्कम दुसऱ्या दिवशी.

मोटार आली तेव्हा कागद खरे निघाले. गाडी मात्र खोटी होती. फिटरने पायाखालचा गालिचा उचलला तो खाली वाळलेल्या गाळाचा थर. आसनांच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढल्या, तो त्यांवर चिखलाची रेघ. मागील चाकाजवळ सांगाडा तुटून पुन्हा जोडलेला होता व त्यावर पुट्टी भरून रंग दिलेला होता. गाडी कोणत्यातरी पुरात बुडालेली होती. तरीही आम्ही ती चालविली, कारण चूक झाली असे म्हणावयास जीभ वळेना. तीन महिन्यांनी एका बाळंतिणीस घेऊन जात असता रात्री दीड वाजता ओढ्याच्या पुलावर गाडीतील सारे दिवे विझले व यंत्र बंद पडले. शेजारच्या मळ्यातील एका दयाळू गृहस्थाने ट्रॅक्टर काढला. माता व मूल दोघेही वाचले, हा देवाचा अनुग्रह होय. आमच्या शहाणपणास त्याचे श्रेय नाही.

बंधुभगिनींनो, त्या सायंकाळी आम्ही उच्चारलेल्या वाक्यात पाप कोठे होते ते आम्ही पुष्कळ दिवस शोधले. फसणे हे पाप नव्हे. भोळेपणा हा अवगुण असेल, पण तोही आमच्या दोषाचे मूळ नव्हता. आमचा दोष हा, की एक दिवसाची तसदी टाळण्यासाठी आम्ही विश्वास या पवित्र शब्दाचा उपयोग केला, आणि ज्यास या कामाचे ज्ञान देवाने दिले होते त्याचे तोंड त्या शब्दाने बंद केले. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, असे प्रभू थोमास बोलला हे खरे. पण ते कोणाविषयी बोलला? मेलेल्यांतून उठलेल्या आपल्याविषयी, ज्याची साक्ष देणारे पुढे त्या साक्षीपायी छळले गेले, त्याविषयी. मोटार विकणाऱ्याच्या शब्दास ते वचन लावणे म्हणजे पुनरुत्थित प्रभूच्या आसनावर दलालास बसविणे होय. बिरुया येथील लोकांनी तर साक्षात पौलाचे बोलणेही शास्त्राशी रोज ताडून पाहिले, आणि लूकाने प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली. प्रेषिताचे बोलणे ताडून पाहणे ज्यांस शोभले, त्यांच्या वंशजांनी पत्रा ठोकून पाहिल्यास विश्वास उणा होतो असे कोण म्हणेल?

यहोशवाच्या पुस्तकातील नवव्या अध्यायात गिबोनकरांची गोष्ट आहे. त्यांनी फाटकी गोणपाटे, ठिगळे लावलेले बुधले, झिजलेली पायतणे व बुरसटलेली भाकर घेतली आणि आपण फार दूर देशाहून आलो असे सांगितले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी ती भाकर पाहिली, परंतु परमेश्वरास विचारले नाही, व करार केला. तीन दिवसांनी कळले की ते शेजारचेच! येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, जे दाखविले तेच त्यांनी पाहिले. जे दाखविले नाही ते पाहण्याची खटपट केली नाही. छायाचित्र हे गिबोनकराच्या भाकरीसारखेच आहे. विकणारा जी बाजू पुढे करतो ती त्यात दिसते. वास येत नाही, आवाज येत नाही, गाडीखालचा भाग दिसत नाही. दुसरी, त्यांचे सारे कपट "दूर" या एका शब्दावर उभे होते. आजच्या ठगाचाही तोच शब्द आवडता आहे. कोणी आपण सैन्यात जवान असल्याचे सांगतो, ओळखपत्राचे चित्र धाडतो, बदली झाल्यामुळे गाडी स्वस्तात देतो म्हणतो आणि वाहतुकीचा खर्च आगाऊ मागतो. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करा, असेही कोणी म्हणतो. हे पक्के ध्यानात ठेवा, की कोड स्कॅन केल्याने व गुप्त अंक टाकल्याने पैसे आपल्या खात्यातून जातात. येत कधीच नाहीत. असे घडल्यास लाज धरून घरी बसू नये. त्याच घटकेस १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे, कारण लवकर कळविल्यास रक्कम वाटेत अडविता येण्याचा संभव असतो.

योगायोग असा की मालविक्रीचा कायदाही १९३० सालचाच आहे. त्या कायद्याचा सामान्य रोख असा, की मालाचा बरेवाईटपणा पाहणे हे मुख्यत्वे घेणाऱ्याचे काम. त्यास अपवाद आहेत, परंतु अपवादासाठी कोर्टात जावे लागते. बँकेने ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात तर "जसे आहे तसे, जेथे आहे तेथे" असे लिहूनच ठेवलेले असते, आणि ते शब्द आपण वाचत नाही. अमेरिकेतील जॉर्ज ॲकरलॉफ नामक अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. तिकडे वाईट मोटारीस लिंबू म्हणतात. विकणाऱ्यास दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास ठाऊक नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे हटतो व लिंबेच उरतात, असे त्याचे म्हणणे. त्या विचारासाठी त्यास २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आमच्या घोंगडीवरील बंधूंस ते कधीचे ठाऊक होते.

पुरातील गाड्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आम्ही तेथेच ठेचाळलो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढे २०१५ साली चेन्नई, २०१८ साली केरळ आणि २०१९ च्या ऑगस्टात आपले सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. अशा वेळी असंख्य मोटारी बुडतात. त्यांतील काही धुऊनपुसून, रंग देऊन, जेथे पुराची आठवण नाही अशा दूरच्या गावी विकल्या जातात. पाण्याने विजेच्या तारांचे सांधे आतून गंजतात. तो गंज आज दिसत नाही, सहा महिन्यांनी ओढ्याच्या पुलावर दिसतो. आसनाखालचे लोखंडी रूळ, जादा चाकाची खोबण, दिव्यांच्या काचेआतील ओल, बंद गाडीतील कुबट वास, ही त्याची चिन्हे होत. छायाचित्रात यांतले एकही येत नाही.

आमच्या फिटरने पुढे आम्हांस मोटारीचे "दात" मोजावयास शिकविले, ते येथे सांगतो. टायरच्या बाजूस चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. गाडी तीस हजारच चालली म्हणणाऱ्याच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल तर किलोमीटरचा आकडा मागे फिरविलेला असण्याचा संशय धरावा. हल्ली तो यंत्राने फिरविता येतो. पत्र्यावर लोहचुंबक लावावा. जेथे पुट्टी जाड तेथे तो धरत नाही. निळसर धूर म्हणजे यंत्र तेल जाळते. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा साका आढळला तर तेलात पाणी शिरले आहे असे समजावे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की गाडी गार असता तुमच्यासमोर सुरू करावयास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले यंत्र पुष्कळ खोड्या लपविते. आम्ही घेतलेल्या गाडीच्या मालकाकडे आम्ही सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करतानाचे चलच्चित्र मागितले होते. त्याने उद्या धाडतो म्हटले व धाडले नाही. इसहाकास आवाजाचा संशय आला होता, तरी त्याने जेवण पुढे आल्यावर आशीर्वाद देऊन टाकला. आम्हांसही संशय आला होता.

आता कागदांविषयी. काही उपदेशक बंधू म्हणतात की कागदांच्या गोष्टी धर्मपत्रात नकोत. त्यांनी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय वाचावा. शहरास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला. अशा वेळी त्याने अनाथोथ येथील शेत आपल्या चुलतभावाकडून घेतले. शेत पाहावयास जाणे शक्य नव्हते. पण ते त्याच्याच गावचे होते आणि परमेश्वराची स्पष्ट आज्ञा त्यास होती. तरीही त्याने काय केले? सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खत लिहिले, त्यावर सही केली, साक्षीदार उभे केले, एक खत मोहोरबंद व एक उघडे अशी दोन्ही बारूखाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवविली. देवाचा शब्द कानी असूनही त्याने एक साक्षीदार कमी केला नाही.

आपल्याकडे मोटारीचे खत म्हणजे आर.सी. त्यावरील चेसी नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या अंकांशी स्वतः बोट ठेवून ताडावे. गाडीच्या क्रमांकावरून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी, विमा व कर्जाची नोंद पाहता येते. थकलेले दंडही पाहता येतात. कर्जाची नोंद असल्यास बँकेचा दाखला व नमुना ३५ यांवाचून पुढे जाऊ नये. नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतात. परराज्यातली गाडी असल्यास तेथील आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला लागतो, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर पुन्हा नोंदणी करून येथील कर भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंधन घातल्यावर तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांत आल्या. स्वस्त किंमत पाहून हा कर लोक विसरले. नाव बदलण्याचा आळस विकणाऱ्यासही बाधतो. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच अपघातात मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले आहे.

एवढे सांगितले, पण आमच्या अंतःकरणातील खरी लढाई अजून सांगावयाची आहे. मोटार चिंचेखाली उभी राहिली. पावसाळा गेला. एके दिवशी एका लांबच्या तालुक्यातून फोन आला. लहानशी मंडळी, झोपडीत उपासना करणारी. त्यांच्या चिटणिसास कोणाकडून तरी आमच्या गाडीचे जुने छायाचित्र मिळाले होते. ते म्हणाले, "तुम्ही पाळक आहात, आम्ही पाहावयास येत नाही. तुमच्या शब्दावर घेतो. एक लाख साठ हजार जमले आहेत."

पंचमंडळ बसले. एक पंच म्हणाले, "आपण खोटे काहीच बोलायचे नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायचे. आपल्याला जे मिळाले तेच आपण देतोय." दुसऱ्यांनी शेळीवाल्या आजींचे नाव काढले, तिचे पैसे परत मिळावे हे न्यायाचे नाही काय? प्रियजनहो, आम्ही खरे लिहितो : ती सारी रात्र हा विचार आम्हांस वाईट वाटला नाही. उलट तो मंडळीवरील प्रीतीच्या वेषात आला. ज्याने आम्हांस गाडी विकली, तोही कदाचित असाच एका रात्री बसला असेल. कदाचित त्यानेही ती न पाहताच घेतली असेल. चुकीची किंमत पुढच्याच्या गळ्यात घालता येते हे कळले, म्हणजे मनुष्यास आपली चूक फार हलकी वाटू लागते.

पहाटे आम्ही आजींच्या घरी गेलो व सर्व सांगितले. त्या चूल पेटवीत होत्या. म्हणाल्या, "माझी शेळी खोकत होती का म्हणून त्या बाजारातल्या माणसाने विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं. दोनशे कमी आले. मग देवाला दिले." एवढे बोलून त्यांनी चहाचे आधण ठेवले.

आम्ही त्या चिटणिसांस फोन करून गाळ, जोड व पुलावरची रात्र, सर्व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आभार मानले. गाडी सरकारमान्य भंगार केंद्रात दिली. आले ते पैसे जमा केले, तोटा वर्तमानपुस्तकात लिहिला, आणि प्रभूच्या दिवशी मंडळीपुढे उभे राहून आम्ही त्या फिटरची त्याच्या नावाने क्षमा मागितली. तो खाली पाहत होता.

गेल्या माघात पुन्हा पैसे जमले. या खेपेस दुसऱ्या गाडीसाठी आम्ही चौघे पहाटेच्या एस.टी.ने गेलो, आजीही हट्टाने आल्या. पहिली गाडी फिटरने दहा मिनिटांत नाकारली व मालकास नमस्कार करून आम्ही निघालो. दुसऱ्या गावी पोहोचलो तेव्हा ऊन नुकते पडले होते. फिटर अंगाखाली पोते टाकून गाडीखाली शिरला. आम्ही बॅटरी धरून वाकलो होतो. आजींनी पदराने हात पुसला व तळवा यंत्राच्या झाकणावर ठेवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "आता चावी फिरवा म्हणावं."